प्रार्थना करा म्हणता, पण शिकवणार कोण? पाळक आणि वडीलजनांना खुलं पत्र

प्रिय पाळकहो आणि मंडळीच्या वडीलजनांनो,

प्रभू येशूच्या नावाने सलाम.

व्यासपीठावरून आम्हाला नेहमी सांगितलं जातं: प्रार्थनेत तत्पर राहा, वचनाचं मनन करा, उपास करा, देहस्वभावाला वधस्तंभावर खिळा. यातल्या एकाही वाक्याशी माझं भांडण नाही, सगळी शास्त्रातलीच आहेत. आम्ही आमेन म्हणतो, आशीर्वाद घेतो आणि घरी येतो. अडचण सोमवारी सकाळी येते. माणूस दार लावून गुडघे टेकतो, आभार मानतो, घरच्यांची नावं घेतो, आजाऱ्यांची नावं घेतो, आणि दोन-तीन मिनिटांत त्याच्याजवळचे शब्द संपतात. डोळे मिटलेले असतात, पण आत दिवसभराच्या कामांची यादी सुरू झालेली असते. पुढं काय करायचं हे त्याला कुणी कधी दाखवलेलंच नसतं. काही दिवस असं चाललं की तो नाद सोडतो. मग रविवारी तेच आवाहन पुन्हा कानावर पडतं आणि त्याला फक्त अपराधी वाटतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की आध्यात्मिक शिस्त तुम्ही आमच्याकडून मागता, पण ती आम्हाला शिकवत नाही. मागणं सोपं असतं, एका संदेशात उरकतं. शिकवायला माणसाजवळ बसावं लागतं.

लूकच्या अकराव्या अध्यायात एक शिष्य सगळ्यांसाठी येशूला म्हणतो, आम्हाला प्रार्थना करायला शिकवा, जसं बाप्तिस्मा करणाऱ्या योहानानं त्याच्या शिष्यांना शिकवलं. ही माणसं काही काल विश्वासात आलेली नव्हती. लहानपणापासून स्तोत्रं म्हणत, सभास्थानात जात वाढलेली होती. तरी त्यांना विचारावंसं वाटलं, आणि आपल्या शिष्यांना प्रार्थना शिकवणं हे गुरूचं कामच आहे, हे त्यांनी गृहीत धरलं. येशूनं त्यांना प्रार्थनेचं महत्त्व पटवून देण्यात वेळ घालवला नाही. त्यानं त्यांच्या तोंडी शब्द दिले. लहान मुलालाही पाठ होतील इतके थोडे शब्द. 'दिदाखे' नावाची एक अगदी जुनी ख्रिस्ती शिकवणुकीची पुस्तिका आहे, पहिल्या शतकाच्या अखेरीची किंवा त्यानंतर थोड्याच काळातली. तिच्यात हीच प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणा असं सांगितलं आहे. म्हणजे नव्या विश्वासणाऱ्याच्या हाती मंडळीनं काहीतरी ठोस दिलं होतं. त्याच पुस्तिकेत उपासाबद्दल जे आहे ते वाचून मला मात्र हसू येतं: ढोंगी लोक सोमवारी आणि गुरुवारी उपास करतात, तर तुम्ही बुधवारी आणि शुक्रवारी करा! प्रभूनं ढोंगाबद्दल इशारा दिला होता तो मनाच्या संदर्भात, आणि आम्ही तो वार बदलून निकालात काढला. शिस्त शिकवताना ती कशी घसरते याचं हे बहुधा सगळ्यात जुनं उदाहरण असावं.

शब्द हाती देण्यावरून आठवलं. आपल्यापैकी अनेक मंडळ्यांत लिहिलेल्या प्रार्थनेबद्दल नाराजी असते. पाठ केलेलं म्हणजे ओठांवरचं, आणि मनातून आलेलं तेवढंच खरं, असं आम्हाला शिकवलं गेलं. पण आमच्या या 'मनातल्या' प्रार्थना एकदा नीट ऐका. 'हे प्रेमळ दयाळू स्वर्गीय बापा' इथून सुरू होऊन त्याच त्या वळणांनी जाणाऱ्या, वर्षानुवर्षं तशाच. पाठ तर आम्ही केलेलंच आहे, फक्त निवडून केलेलं नाही. येशू वधस्तंभावर होता तेव्हा त्याच्या तोंडून 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' हे शब्द आले, ते बाविसाव्या स्तोत्राचे. 'तुझ्या हाती मी आपला आत्मा सोपवून देतो' हे एकतिसाव्या स्तोत्रातले. प्रत्यक्ष देवपुत्राला प्राणांतिक वेदनेत पाठ केलेले शब्द पुरले, तर आम्हाला त्यांची लाज का वाटावी? दीडशे स्तोत्रं आहेत. त्यात राग आहे, तक्रार आहे, सूडाची भाषासुद्धा आहे. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळही नाही. ज्याच्या घरात नुकतंच कुणी गेलं आहे त्याला हे स्तोत्र कुणी दाखवलं आहे का? की त्याला थेट 'सर्वदा आनंद करा' ऐकवलं?

आता तुमच्यापैकी काहींच्या मनात आक्षेप आला असेल, तो मला ऐकू येतोय. तारण कृपेनं आहे, कर्मानं नाही. नियम, वेळा, उपास यांवर भर दिला की माणूस परत नियमशास्त्राच्या जुवाखाली जातो. हा आक्षेप पोकळ नाही. पौलानं कलस्सैकरांना लिहिताना स्वतःहून लादून घेतलेली उपासना आणि देहदंडन यांचं वर्णन मोठ्या रोखठोकपणे केलं आहे: ते ज्ञानाचं दिसतं खरं, पण देहवासना आवरायला त्याचा काही उपयोग नाही. मंदिरात उभा राहिलेला परूशी आठवड्यातून दोनदा उपास करत होता, दशांश देत होता, आणि तरी नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार. यावर वाद घालण्याचं कारण नाही. पण हाच पौल तीमथ्याला सुभक्तीची कसरत कर म्हणतो, आणि फिलिप्पैच्या मंडळीला एका दमात दोन गोष्टी सांगतो: भीत व कापत आपलं तारण साधून घ्या, कारण इच्छा करणं आणि कृती करणं हे तुमच्या ठायी साधून देणारा देव आहे. आम्ही यातलं अर्धं वाक्य घेऊन दोन गट पाडले आहेत. एक गट घाम गाळतो, दुसरा हात बांधून बसतो.

या बाबतीत मला धर्मसुधारक मार्टिन लूथरचा दाखला सगळ्यात पटतो, कारण शिस्तीनं पोळलेला माणूस त्याच्याइतका दुसरा सापडणं कठीण. एरफुर्टच्या मठात असताना त्यानं उपास, जागरणं, वारंवार पापकबुली यांनी स्वतःला झिजवलं होतं आणि शांती काही मिळाली नव्हती. कृपेचा शोध लागल्यावर त्यानं प्रार्थनेची शिस्तही सोडून दिली असती तर नवल नव्हतं. पण १५३५ साली पेटर बेस्केनडोर्फ या त्याच्या न्हाव्यानं त्याला विचारलं की प्रार्थना करायची कशी, आणि लूथरनं त्याला एक छोटी पुस्तिकाच लिहून दिली. विद्यापीठात शिकवणारा, अर्ध्या युरोपाशी वाद घालणारा माणूस एका कारागिरासाठी वेळ काढून लिहितो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

त्यात तो काय सांगतो ते पाहा. मन थंड पडलं असेल तर स्तोत्रांचं पुस्तक घेऊन खोलीत किंवा चर्चमध्ये जा आणि मुलं म्हणतात तशा दहा आज्ञा, विश्वासांगीकार स्वतःशीच तोंडानं म्हण. 'थोडं थांबू, तासाभरानं करू, आधी हे काम उरकू' या विचारापासून सावध राहा. त्या कामातून दुसरं काम निघतं आणि दिवस जातो. मग एकेक आज्ञा घे आणि तिचे चार पदर उलगड: ही मला काय शिकवते, हिच्याबद्दल मी कशाचे आभार मानू, हिच्यासमोर मी काय कबूल करू, आणि आता काय मागू. 'चोरी करू नको' घेतली तर आधी शिकवण: दुसऱ्याचं ते दुसऱ्याचं. मग आभार: माझ्याजवळ जे सुरक्षित आहे ते देवानं राखलं म्हणून. मग कबुली: कुणाचा वेळ, कुणाचं श्रेय, कुणाची मजुरी मी दाबली. मग विनंती. एवढ्यात पंधरा मिनिटं कुठं गेली कळतही नाही. आणि मध्येच एखादा विचार मनात जोरानं उजळला, तर बाकीचं सगळं सोडून दे, गप्प राहून ऐक, कारण तिथं पवित्र आत्मा स्वतः बोलत असतो, असंही तो सांगतो. पद्धत शिकवून झाल्यावर ती केव्हा बाजूला ठेवायची हेही शिकवणारा शिक्षक विरळा. लक्ष कसं एकवटावं हे पेटरला समजावताना तो पेटरच्याच धंद्यातलं उदाहरण देतो: हातात वस्तरा असताना न्हाव्याचं लक्ष गप्पांत गेलं तर तो गिऱ्हाइकाचं नाक कापेल, नाहीतर गळा.

या गोष्टीचा पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. त्याच वर्षी इस्टरच्या सुमारास जेवणाच्या वेळी दारूच्या भरात पेटरनं आपल्या जावयाला भोसकलं आणि जावई मेला. लूथर आणि इतरांनी रदबदली केली म्हणून पेटरचा जीव वाचला, पण त्याला हद्दपार व्हावं लागलं. मला ही गोष्ट लपवावीशी वाटत नाही. प्रार्थनेची उत्तम पद्धत, तीही खुद्द लूथरच्या हातची, जवळ असलेला माणूस त्या एका वेळी स्वतःला सावरू शकला नाही. शिस्त म्हणजे ताईत नव्हे. ती पाळणाऱ्याच्या हातून घोर पाप घडणारच नाही, अशी हमी कुणी देत असेल तर तो खोटं बोलतो. आणि तरीही ती पुस्तिका छापली जात राहिली, आजही छापली जाते. पेटर पडला म्हणून प्रार्थना कशी करावी हे इतरांना शिकवायचं थांबवावं, असं कुणाला वाटलं नाही.

कदाचित पेटरजवळ पुस्तिका होती पण आठवड्यातून एकदा समोर बसून 'कसं चाललंय?' विचारणारं कुणी नव्हतं. हा माझा तर्क आहे, इतिहास नाही. पण दोनशे वर्षांनी इंग्लंडमध्ये जॉन वेस्लीच्या मेथडिस्ट लोकांनी हे विचारण्याची सोय केली, आणि ती त्यांना जवळजवळ अपघातानं सापडली. १७४२ साली ब्रिस्टलमधल्या त्यांच्या सभागृहावर कर्ज होतं. ते फेडण्यासाठी ठरलं की प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यावी, आणि बारा-बारा जणांमागे एक माणूस नेमावा, त्यानं घरोघर जाऊन ती गोळा करावी. गोळा करणारे गेले आणि त्यांना दिसू लागलं की कुणाच्या घरी भांडणं आहेत, कुणी परत दारूकडे वळलं आहे, कुणी आतून खचलं आहे. वेस्लीच्या तत्काळ लक्षात आलं की आपल्याला हवं होतं ते हेच. पुढच्याच वर्षी, १७४३ मध्ये, त्यानं जे सर्वसाधारण नियम काढले त्यांत गटप्रमुखाचं पहिलं काम असं लिहिलं की आठवड्यातून एकदा तरी प्रत्येकाला भेटून त्याच्या जिवाचं कसं चाललं आहे याची विचारपूस करावी. वडीलजनहो, वर्गणीसाठी तुम्हीही आमच्याकडे येता. पावती फाडून झाल्यावर लगेच उठू नका, एवढंच म्हणते.

तुम्हाला दोष देऊन मोकळं होणं मात्र मला जमत नाही. तुम्हाला तरी हे कुणी शिकवलं होतं का? सेमिनरीत ग्रीक शिकवतात, मंडळीचा इतिहास शिकवतात, संदेश कसा बांधायचा ते शिकवतात. अर्धा तास देवासमोर गप्प कसं बसायचं हे किती ठिकाणी शिकवतात? जर्मन पाळक डीट्रिख बॉनहोफर १९३५ पासून जर्मनीत फिंकनवाल्डे इथं होऊ घातलेल्या पाळकांना शिकवत होता, तेव्हा त्यानं रोज अर्धा तास मौन मनन सक्तीचं केलं. शास्त्रातला एक लहानसा उतारा, आठवडाभर तोच. त्यातून संदेशाचे मुद्दे काढायचे नाहीत, हा उतारा आज मला स्वतःला काय म्हणतो एवढंच ऐकायचं. विद्यार्थ्यांना ते अतिशय जड गेलं, तक्रारी झाल्या, बाहेरच्यांनी नावं ठेवली. धर्मशास्त्राच्या पदव्या घेतलेली ही मुलं होती. बॉनहोफरनं ते बंद केलं नाही. त्यावर त्यांच्याशी बोलला आणि सगळ्यांबरोबर स्वतः बसत राहिला. तिथं आणखी एक नियम होता: गैरहजर असलेल्या भावाबद्दल त्याच्या पाठीमागं बोलायचं नाही, आणि चुकून बोललात तर त्याला जाऊन सांगायचं. मला तर हा नियम चाळीस दिवसांच्या उपासापेक्षा अवघड वाटतो. १९३७ मध्ये गेस्टापोनं, म्हणजे हिटलरच्या गुप्त पोलिसांनी, ती सेमिनरी बंद पाडली. त्यातले बरेच जण पुढं तुरुंगात आणि युद्धात गेले, आणि अशा ठिकाणी माणसाजवळ पाठ केलेल्यापलीकडे काही उरत नाही.

तेव्हा पाळकसाहेब, तुमची स्वतःची प्रार्थना कोरडी पडली असेल तर ते आमच्यापासून लपवू नका. संदेश तयार करताना वाचलेलं वचन म्हणजे स्वतःसाठी वाचलेलं वचन नव्हे, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत असेल. त्या कोरडेपणाचं जुन्या लोकांनी किती बारकाईनं निरीक्षण केलं आहे! चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणारा इव्हॅग्रियस लिहितो की दुपारच्या सुमारास एक विचार साधूवर चाल करून येतो. सूर्य हललाच नाही असं वाटतं, दिवस पन्नास तासांचा भासतो. तो सारखा खिडकीकडे बघतो, कुणी भेटायला येतंय का ते पाहतो. मग त्याला ती जागा नकोशी होते, ते काम नकोसं होतं, आणि वाटू लागतं की इथल्या बंधूंमध्ये प्रीती राहिली नाही, दुसरीकडे गेलो तर देवाला जास्त चांगलं प्रसन्न करता येईल. एका मंडळीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत जाणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. त्यातल्या काहींना खरोखर जाण्यासारखं कारण असतं. पण बाकीच्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की हा कंटाळा वाटेतच लागतो, तो सगळ्यांना लागतो, आणि त्यावर जुन्यांचा उपाय साधा आहे: जागा सोडायची नाही.

उपासाबद्दल जरा स्पष्ट बोलायला हवं, कारण तिथं गोंधळ फार आहे. डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू दानधर्म, प्रार्थना आणि उपास एका ओळीत घेतो आणि तिन्हींबद्दल एकच अट घालतो, लोकांना दिसावं म्हणून करू नका. आम्ही उपास जाहीर करतो, तोही बहुतेक वेळा काहीतरी पदरात पाडून घेण्यासाठी. अमुक दिवस उपास केला आणि नोकरी मिळाली, व्हिसा मिळाला अशा साक्षी होतात. देव देत नाही असं मी म्हणत नाही. पण यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात लोक नेमकी हीच तक्रार करतात, आम्ही उपास केला आणि तू पाहिलं नाहीस, आणि देवाचं उत्तर झणझणीत आहे: उपासाच्या दिवशी तुम्ही मजुरांना पिळता. मला हवा असलेला उपास म्हणजे अन्यायाच्या बेड्या तोडणं, भुकेल्याला आपल्या ताटातलं देणं. दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिलेल्या हर्मासच्या 'मेंढपाळ' या ग्रंथात याचा हिशेबच मांडला आहे. उपासाच्या दिवशी जे खाल्लं असतं त्याची किंमत काढायची आणि तेवढे पैसे विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्यायचे. तुम्ही उपास जाहीर करता तेव्हा हा दुसरा अर्धा भाग का जाहीर करत नाही?

आणि कुणी उपास करू नये हेही व्यासपीठावरून सांगा. मधुमेहाचं औषध घेणारे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, अन्नाशी ज्यांचं आजारपणाचं नातं आहे अशी मुलंमुली, म्हातारी माणसं. कॅथलिक मंडळीच्या कायद्यात उपासाचं बंधन अठरा पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंतच आहे, तेही भस्म-बुधवार आणि गुड फ्रायडे या दोनच दिवशी. कडक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या परंपरेनं एवढं तारतम्य ठेवलं आहे. आमच्या काही मंडळ्यांत मात्र विश्वास असेल तर काही होत नाही म्हणून आजारी माणसाला उपाशी ठेवतात. ही शिस्त नव्हे, हे देवाची परीक्षा पाहणं आहे.

तीच गोष्ट पहाटेची. पहाटे चारला उठून प्रार्थना करणाऱ्यांची साक्ष आमच्यासमोर ठेवली जाते आणि मार्कचं पहिल्या अध्यायातलं पस्तिसावं वचन वाचलं जातं: मोठ्या पहाटेस उठून तो अरण्यात गेला. रात्रपाळी करून सकाळी घरी येणाऱ्या माणसानं काय करायचं? तान्ह्या बाळासाठी रात्रीतून चार वेळा उठणाऱ्या आईनं? त्या वचनात घड्याळापेक्षा महत्त्वाचं पुढं आहे आणि तिथवर आम्ही जातच नाही. आदल्या संध्याकाळी सगळं गाव दाराशी लोटलेलं होतं. सकाळी शिमोन शोधत येतो आणि म्हणतो, सगळे तुला शोधत आहेत. येशू म्हणतो, चला, आपण आसपासच्या दुसऱ्या गावांना जाऊ. म्हणजे त्या एकांतातून तो गर्दीला नाही म्हणण्याचं बळ घेऊन उठला होता. कुठल्या हाकेला ओ द्यायची आणि कुठल्या नाही, हे त्याचं तिथं ठरलं होतं. दिवसभर फोनवरच्या प्रत्येक टुणटुणीला ओ देणाऱ्या आम्हाला हे शिकायची गरज आहे. पहाटे असो, दुपारी असो, की बाळ झोपल्यावर असो.

एका मंडळीत मी भिंतीवर तक्ता पाहिला आहे. डावीकडे सभासदांची नावं, वर आठवड्याचे वार, आणि प्रत्येक चौकोनात किती मिनिटं प्रार्थना केली त्याचा आकडा. हेतू चांगला होता, शंका नाही. पण शनिवारी संध्याकाळी लोक येऊन सगळा आठवडा एकदम भरू लागले, एकाच पेनानं, एकाच शाईत. शेजारच्या ओळीत तीस असेल तर आपण पस्तीस. संत बेनेडिक्टनं सहाव्या शतकातच यावर तोड काढून ठेवली होती. मठवासीयांसाठी लिहिलेल्या त्याच्या नियमावलीच्या एकोणपन्नासाव्या प्रकरणात तो म्हणतो की प्रायश्चित्तकाळात, म्हणजे इस्टरच्या आधीच्या लेंटमध्ये, प्रत्येकानं स्वखुशीनं काहीतरी वाढवावं, थोडं अन्न, थोडी झोप, थोडी बडबड कमी करावी, पण काय करणार ते आधी मठाधिपतीला सांगावं आणि त्याच्या संमतीनं करावं. नाहीतर तो अहंकार ठरेल. भिंतीला सांगायचं नाही, सगळ्यांना सांगायचं नाही, आणि मनातल्या मनातही ठेवायचं नाही. एका जाणत्या माणसाला सांगायचं. तो म्हणू शकेल, हे तुला झेपणार नाही, किंवा हे तू दाखवण्यासाठी करतो आहेस, किंवा एवढंच का? त्याच नियमावलीत आठवड्यात दीडशेच्या दीडशे स्तोत्रं म्हणायची मांडणी आहे, आणि शेवटी बेनेडिक्ट जोडतो की ही मांडणी कुणाला पसंत नसेल तर त्यानं दुसरी चांगली करावी, फक्त स्तोत्रं पूर्ण व्हावीत. प्रार्थना थोडी आणि शुद्ध असावी, हेही त्याचंच म्हणणं. शिस्त म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर छडी येते. हा माणूस मात्र किती ठिकाणी जागा सोडतो!

मग मोजायचं कशानं? मिनिटांनी नाही, अध्यायांनी नाही, तर कशानं? जॉन कॅसियन हा जुन्या काळातला मठवासी लेखक तरुणपणी शिकायला इजिप्तच्या साधूंकडे गेला होता. तिथल्या अब्बा मोशे या वडीलधाऱ्या साधूनं त्याला सांगितलं की उपास, जागरण, शास्त्रवाचन ही हत्यारं आहेत, पूर्णता नव्हे. ध्येय आहे ते निर्मळ हृदय, म्हणजेच प्रीती. आणि मग त्यानं एक वाक्य सांगितलं, ते मी प्रत्येक प्रार्थनासभेच्या दारावर लावीन. त्याचा आशय असा: उपासानं जे मिळतं ते रागानं जे जातं त्यापेक्षा कमी आहे, आणि वाचनाचा लाभ भावाला तुच्छ लेखण्यानं होणाऱ्या हानीपेक्षा लहान आहे. कॅसियननं दुसरीकडे आणखी एका म्हाताऱ्याची हकिगत दिली आहे. पाहुणे आले की तो उपास मोडून त्यांच्याबरोबर जेवायचा. का, म्हणून विचारल्यावर म्हणाला, उपास तर नेहमी माझ्याजवळ आहे, तुम्ही मात्र निघून जाणार. इतकी वर्षं कडक व्रतं पाळलेल्या माणसाचा हा मोकळेपणा मला त्या सगळ्या व्रतांचा पुरावा वाटतो.

म्हणून वडीलजनहो, मंडळीची शिस्त ही फक्त कुणी चुकलं की आठवण्याची गोष्ट नसावी. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातली प्रक्रिया तुम्हाला तोंडपाठ आहे, पण तिची पहिली पायरी एकट्यानं एकट्याशी बोलण्याची आहे. ज्याच्याशी वर्षभर कुणी एकट्यानं बोललंच नाही, त्याच्याकडे तक्रार घेऊन पहिल्यांदा गेलात तर तो ऐकेल का?

माझ्या विनंत्या फार नाहीत. येत्या प्रायश्चित्तकाळाच्या आधी तुमच्यापैकी प्रत्येकानं तीन-चार जणांना बोलवावं आणि त्यांच्यासमोर स्वतः प्रार्थना कशी करता ते दाखवावं. भाषण नको, एक स्तोत्र उघडा, मोठ्यानं वाचा, थांबा, आणि तुमचं मन भरकटलं तर तेही आम्हाला दिसू द्या. संडेस्कूलच्या मुलांकडून सोनेरी वचनं पाठ करून घेतो, तशी वर्षाला चार-पाच पूर्ण स्तोत्रंही घ्या, त्यांत अठ्ठ्याऐंशीवं असू द्या. संदेश संपल्यावर लगेच गीत सुरू करू नका. दोन मिनिटं शांतता ठेवा, आणि ती कशासाठी आहे ते आधी सांगा, नाहीतर लोक घड्याळ बघतील. तक्ता असेल तर काढा. नव्यानं बाप्तिस्मा घेणाऱ्यांना प्रश्नोत्तरं शिकवता तेव्हाच त्यांना एक सोबती नेमून द्या, जो दर आठवड्याला त्यांना भेटेल आणि त्यांच्या गोष्टी त्यांच्या परवानगीशिवाय तुमच्या सभेतसुद्धा आणणार नाही. या शेवटच्या अटीवर तडजोड करू नका. जिथं सांगितलेलं बाहेर फुटतं तिथं दुसऱ्यांदा कुणी काही सांगत नाही.

पाळकांवर कामाचा बोजा आहे, हे मी जाणते. अंत्यविधी, लग्नं, इस्पितळातल्या भेटी, इमारतीची दुरुस्ती, वरिष्ठांचे अहवाल. यातलं काहीतरी कमी केल्याशिवाय हे होणार नाही, आणि काय कमी करायचं ते आम्ही सभासदांनीही तुम्हाला ठरवू द्यायला हवं. एखादा कार्यक्रम रद्द झाला तर आम्ही कुरकुर करणार नाही, निदान मी तरी करणार नाही.

या पत्राला उत्तर म्हणून परिपत्रक काढू नका. कुणी, कुणाबरोबर, कोणत्या वारी बसायचं ते ठरवून कळवा. पहिल्या तीन-चार जणांत माझं नाव धरायला हरकत नाही. प्रार्थना करायला बसल्यावर माझेही शब्द लवकर संपतात.

आपली प्रभूमधील बहीण,
मंडळीची एक सभासद